47 व्या वर्षी जर्मनीतून नकार आला, कारण वय असेल का?

दादा, तुमचं म्हणणं थोडक्यात असं ना की तुम्ही 47 चे, मेकॅनिकल डिझाइनमध्ये बावीस वर्षं काढलीत, दक्षिण जर्मनीतल्या एका कंपनीबरोबर व्हिडिओ कॉलवर दोन राउंड चांगले झाले, एचआरच्या बाईंनी मध्येच "अजून किती वर्षं काम करायचा विचार आहे" असं विचारलं आणि मग दोन ओळींचा नकार आला. आता तुम्हाला वाटतंय हे वयामुळेच, आणि विचारताय की भारतात बसून यावर काही करता येतं का, आणि असंच असेल तर राजीनामा देऊन ऑपॉर्च्युनिटी कार्डवर, म्हणजे इकडे येऊन नोकरी शोधायच्या परवान्यावर, यायचं की नाही. मी स्वतः 44 व्या वर्षी इकडे आलेय, सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, स्टुटगार्टच्या बाजूला राहते, त्यामुळे यातलं बरंच अनुभवलंय. वकील नाहीये मी, पण जे पक्कं माहितीये तेवढंच सांगते. जरा लांबेल.

आधी त्या दोन ओळींच्या मेलचं बघू. कारण दिलं नाही म्हणून तुमचा संशय वाढलाय, पण इकडे कारण कोणीच देत नाही आणि गंमत म्हणजे त्याला जबाबदार तोच कायदा आहे जो आपल्यासारख्यांसाठी केलाय. 2006 पासून जर्मनीत समान वागणुकीचा कायदा आहे, सगळे त्याला आ-गे-गे म्हणतात, वंश, लिंग, धर्म, अपंगत्व, वय, लैंगिक ओळख यावरून नोकरीत भेदभाव केला तर नुकसानभरपाई द्यावी लागते. जाहिरातीत पदाच्या नावापुढे एम-डब्ल्यू-डी अशी तीन अक्षरं असतात ना, पुरुष-स्त्री-इतर, ती पण या कायद्याच्याच धाकाने. तर झालं काय, एचआरवाले इतके सावध झाले की नकाराच्या मेलमध्ये कोणी बोट ठेवेल असं एकही वाक्य येऊ देत नाहीत. आम्ही दुसऱ्या उमेदवाराची निवड केली, पुढच्या वाटचालीस शुभेच्छा, संपलं. 26 च्या पोरालाही हेच आणि 56 च्या माणसालाही हेच. म्हणून त्या मेलवरून काहीच सिद्ध होत नाही, त्याच्याकडे बघत बसू नका.

बघायचं ते जाहिरातीकडे. कायदा असा आहे की तुम्हाला भेदभाव पूर्ण सिद्ध करावा लागत नाही, तसा वाजवी संशय येईल अशी खूण दाखवायची, मग तसं नव्हतं हे सिद्ध करणं कंपनीच्या गळ्यात पडतं. आणि ही खूण बहुतेक केसेसमध्ये जाहिरातीच्या शब्दांतच सापडते. 2016 मध्ये इथल्या सर्वोच्च कामगार कोर्टाने म्हटलं की "तरुण आणि डायनॅमिक टीम" असं जाहिरातीत लिहिणं ही वयावरून डावलल्याची खूण ठरू शकते, कारण टीम तरुण आहे हे सांगण्यामागे त्यात तरुणच हवाय एवढाच अर्थ निघतो. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये आमच्याच बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याच्या कामगार कोर्टात "डिजिटल नेटिव्ह" या शब्दावरून केस झाली, अर्जदार 1972 चा जन्म असलेला, कोर्ट म्हणालं की हा शब्द एका पिढीचा आहे, वयस्कर माणसाला त्यातून बाहेर ठेवलं जातं, आणि 7,500 युरो द्यायला लावले. म्हणजे शब्दाला किंमत आहे इकडे. तेव्हा तुमची ती जाहिरात अजून दिसत असेल तर आत्ताच्या आत्ता पीडीएफ करून ठेवा, लिंक नको, पीडीएफच, कारण जागा भरली की जाहिरात गायब होते आणि मग हातात काहीच राहत नाही.

आता बाईंचा तो प्रश्न. खरं सांगू का, तो मलाही खटकला. पण परदेशातून माणूस आणायचा म्हणजे व्हिसा, सामान हलवणं, भाषेचा क्लास, कंपनीचा बराच खर्च होतो, आणि हा वर्षभरात परत तर जाणार नाही ना, ही भीती त्यांना 30 च्या माणसाबद्दलही असते. त्याच प्रश्नाचे दोन अर्थ निघतात. एकट्या त्यावर कोर्टात उभं राहणं कठीण, जाहिरातीत काही सापडलं तर मात्र त्याला जोड म्हणून चांगला. म्हणून तारीख, कोण कोण कॉलवर होतं आणि नेमके शब्द काय होते हे आठवतंय तोवर लिहून काढा.

मुदतीचं नीट वाचा, कारण इथेच लोक फसतात. नकार हातात पडल्यापासून दोन महिन्यांच्या आत कंपनीकडे लेखी मागणी करावी लागते, पोचल्याचा पुरावा राहील अशी. ते झालं की तिथून तीन महिन्यांत कामगार कोर्टात दावा. दोन महिने उलटले की विषय संपला, केस कितीही पक्की असो. नोकरी जर्मनीतली आहे आणि तुम्ही अर्जदार आहात म्हणजे भारतात बसूनही मागणी करता येते, पासपोर्ट कुठला याने फरक पडत नाही. पण मिळणार काय ते पण ऐका. नोकरी मिळत नाही, कायद्यातच लिहिलंय की कंपनीला तुम्हाला घ्यायला भाग पाडता येणार नाही. मिळतात ते पैसे, आणि भेदभाव झाला नसता तरी तुमची निवड झाली नसती असं निघालं तर जास्तीत जास्त तीन पगार. शिवाय कामगार कोर्टाच्या पहिल्या पायरीवर आपल्या वकिलाचे पैसे आपणच भरायचे, जिंकलात तरी. वकिलाशिवाय लढायची मुभा आहे, पण भाषा येत नसताना हजारो किलोमीटरवरून कोण लढणार. बर्लिनला सरकारचं भेदभावविरोधी कार्यालय आहे, ते सल्ला फुकट देतात, आधी त्यांना मेल टाका आणि मगच वकिलाचा विचार करा.

इकडे काही महाभाग फक्त भरपाईसाठी अर्ज करत सुटायचे, नोकरी नकोच असायची, युरोपियन कोर्टाने 2016 मध्ये सांगून टाकलं की अशांना या कायद्याचं संरक्षण नाही. तुमचं तसं नाहीये हे मला दिसतंय, पण समोरचा वकील पहिल्यांदा हाच आरोप करतो म्हणून सांगितलं.

आणि एक केस खास तुमच्यासाठी, कारण ती आपल्यासारख्याच बाहेरून आलेल्या इंजिनियर बाईची आहे. मायस्टर केस म्हणून प्रसिद्ध आहे. या बाई रशियात जन्मलेल्या, 1961 च्या, त्यांची डिग्री जर्मनीत मान्य झालेली, 2006 मध्ये एका कंपनीत अर्ज केला, नकार, थोड्याच दिवसांत तशीच जाहिरात परत आली, परत अर्ज, परत नकार, एकदाही इंटरव्ह्यूला बोलावणं नाही. त्यांचं म्हणणं होतं की निदान कोणाला घेतलं ते तरी सांगा. युरोपियन कोर्टाने 2012 मध्ये निकाल दिला की निवडलेल्या माणसाची माहिती मागायचा हक्क नाही, पण कंपनीने कसलीच माहिती द्यायला नकार दिला तर तो मुद्दा बाकी गोष्टींबरोबर विचारात घेता येतो. ऐकायला छान वाटतं ना, पण शेवटी जर्मन कोर्टात बाई हरल्या, खुणा पुरेशा नाहीत म्हणून. संशय आणि केस यांच्यात इतकं अंतर असतं बघा.

दुसऱ्याची माहिती मिळत नाही, पण स्वतःची मिळते, आणि हे फार कमी लोकांना माहितीये. युरोपच्या डेटा संरक्षण कायद्याच्या कलम 15 खाली तुम्ही कंपनीला लिहू शकता की माझ्याबद्दलची जी जी माहिती तुमच्याकडे आहे तिची कॉपी द्या, त्यांनी साधारण महिन्याभरात उत्तर द्यायला हवं. अर्जदारांच्या फायली सहसा सहाएक महिन्यांत पुसतात, तेव्हा उशीर नको. मी हे एकदा केलंय. इकडे आल्यावर दुसरी नोकरी शोधत होते, एका मध्यम कंपनीत शेवटच्या राउंडला टीम लीड म्हणून जो आला तो माझ्याहून पंधराएक वर्षांनी लहान, त्याने हसत विचारलं की माझ्या हाताखाली काम करायला तुम्हाला अवघड नाही ना जाणार, मी म्हटलं नाही बाबा, मग नकार. मी माहिती मागितली तर इंटरव्ह्यूचा एक पानी फॉर्म आला. पगाराच्या रकान्यात "वरच्या टोकाला", जर्मन भाषेच्या पातळीच्या रकान्यात "बी-1, क्लायंट मीटिंगला अपुरी", आणि टीमशी जुळेल का या रकान्यात नुसतं एक प्रश्नचिन्ह. वय कुठेच नाही. पण त्या प्रश्नचिन्हात काय काय होतं ते त्या टीम लीडलाच माहीत. मी तिथेच सोडून दिलं, कारण जाहिरात अगदी स्वच्छ होती आणि पहिले दोन रकाने मला स्वतःलाच मान्य होते.

माझं स्पष्ट मत सांगते, वय आडवं येतंच इकडे, नाही असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, पण ते सरळ तोंडाने कमी येतं आणि पगाराच्या आणि भाषेच्या मागे लपून जास्त येतं. पाच वर्षांच्या अनुभवाची जागा असते, आपण बावीस वर्षं घेऊन जातो, त्यांना वाटतं हा पैसे जास्त मागेल, कमी पैशात आला तर नाराज राहील. त्यात इथला कामगार कायदा. दहापेक्षा जास्त लोकांच्या कंपनीत सहा महिने झाले की माणसाला सहज काढता येत नाही, आणि कंपनीच्या अडचणीमुळे माणसं कमी करायची वेळ आली तर कोणाला आधी काढायचं हे ठरवताना नोकरीची वर्षं, वय, घरात किती जण अवलंबून आणि अपंगत्व हे चार निकष बघतात. म्हणजे वय जास्त असलेल्याला आत गेल्यावर जास्त संरक्षण, म्हणून दारातच जास्त विचार. कोणी बोलून दाखवणार नाही, पण छोट्या कंपन्यांचे मालक हा हिशोब करतातच.

तेव्हा सीव्हीचं असं करा. फोटो आणि जन्मतारीख टाकायची इकडे जुनी सवय आहे पण सक्ती नाही, बिनधास्त काढा. डिग्रीचं वर्ष मात्र लपवू नका, इकडच्यांना सलग सीव्ही लागतो, गाळलेली वर्षं त्यांना वयापेक्षा जास्त खुपतात. शेवटची दहा-बारा वर्षं सविस्तर आणि त्याआधीचं दोन ओळींत. पगाराचा आकडा विचारला की त्या शहरातल्या त्या पदाचा आकडा सांगा, बावीस वर्षांचा हिशोब लावू नका.

राहिला राजीनामा. इथे मी जरा कडक बोलणार आहे. कंपनीने वय बघितलं तर तो भेदभाव, पण सरकार स्वतः वय उघडउघड बघतं आणि ते कायदेशीर आहे. जून 2024 पासून सुरू झालेल्या ऑपॉर्च्युनिटी कार्डात सहा पॉइंट लागतात, वय 35 च्या आत असेल तर त्यातले दोन, 40 पर्यंत एक, तुम्हाला शून्य. तुमची डिग्री जर्मनीत पूर्ण मान्य असेल तर पॉइंटांची भानगडच नाही, म्हणून ते आधी तपासा. पण त्या कार्डावर फक्त एक वर्ष शोधायला मिळतं आणि तोवर आठवड्याला 20 तास काम. आणि पुढची अडचण बरेच जण बघतच नाहीत, 45 पूर्ण झाल्यावर पहिल्यांदा साधा कुशल कामगाराचा व्हिसा मागितला तर पगार पेन्शन विम्याच्या मर्यादेच्या (जेवढ्या पगारापर्यंत पेन्शनचा हप्ता कापतात त्या आकड्याच्या) 55 टक्के तरी हवा, 2025 साठी तो आकडा वर्षाला 53,130 युरो होता, दरवर्षी थोडा वाढतो, नाहीतर म्हातारपणाची पुरेशी सोय आहे हे दाखवायचं. ब्लू कार्डाच्या, म्हणजे उच्चशिक्षितांसाठीच्या परवान्याच्या, अटी वेगळ्या, त्या स्वतंत्र बघा. म्हणजे इकडे येऊन "मिळेल ती घेतो, पगार कमी चालेल" हा जो आपल्याकडचा हिशोब असतो तो तुमच्या वयाला चालतच नाही, कमी पगारावर व्हिसाच अडकेल. मग पगार कमी मागायचा की जास्त या कात्रीत माणूस सापडतो, आणि म्हणून मी म्हणते हातातली नोकरी धरून तिकडूनच अर्ज करा, जर्मन बी-2 पर्यंत न्या, वहिनींनाही बरोबरच सुरू करायला सांगा, आणि मोठ्या कंपन्यांना जास्त अर्ज टाका, तिथे पगाराचे ग्रेड ठरलेले असतात आणि वयस्कर माणूस टीममध्ये असणं नवं नसतं.

तुम्ही नकाराची तारीख लिहिली नाहीये. दोन महिने व्हायचे असतील तर या आठवड्यात माहिती मागायचा मेल टाका आणि जाहिरातीतलं टीमचं वर्णन करणारं वाक्य जसंच्या तसं मला पाठवा, जर्मनमध्येच, मी वाचून सांगते त्यात काही आहे का.