अडीच हजारांचा प्रश्न

‘शिकताना काम केले तर अभ्यास बुडेल, आणि केले नाही तर घरच्यांवर भार पडेल’ ही चिंता दर वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या कितीतरी विद्यार्थ्यांच्या तोंडून मी ऐकते. परवा एका आईनेही हाच प्रश्न विचारला, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहिते आहे.

महेश (नाव बदलले आहे) बीड जिल्ह्यातून पुण्याला बी.एस्सी. करण्यासाठी आलेला मुलगा. दुसऱ्या वर्षात त्याचे दोन विषय राहिले होते आणि हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली गेली होती. रात्री दोनपर्यंत खाद्यपदार्थ पोहोचवण्याचे काम करून सकाळच्या प्रात्यक्षिकाला तो डुलक्या घेत असे. “काम सोडू की कॉलेज?” एवढेच त्याला विचारायचे होते.

पहिल्या काही भेटींत झोप आणि वेळापत्रक यांवरच बोलणे झाले, पण त्यातून फारसे काही हाती लागले नाही. मग मी त्याला महिन्याचा हिशेब कागदावर मांडायला सांगितले. कॉटचे भाडे २,५००, मेस ३,०००, बसचा पास, झेरॉक्स आणि किरकोळ मिळून १,०००. एकूण ६,५००. वडील पाठवत होते ४,०००.

“म्हणजे तूट अडीच हजारांची. आणि तू कमावतोस किती?”

“बारा हजार, मॅडम.”

“उरलेल्यांचे काय करतोस?”

बराच वेळ तो कागदावरची पेन्सिलीची रेघ बोटाने पुसत राहिला. “बाबांचे चार हजार त्यांना परत पाठवतो. वर जमेल तेवढे.”

“त्यांनी मागितले होते?”

“नाही. ते म्हणतात, पैसे नको पाठवू, विषय सोडव. पण विशीतल्या मुलाने बापाचे पैसे घेऊ नयेत ना?”

“घेऊ नयेत, हे कोणी ठरवले?”

“...मीच.”

मला हवे ते या एका शब्दात सापडले. प्रसंगापेक्षा त्याबद्दलचे आपले हट्टी विचारच आपल्याला जास्त त्रास देतात, असे मानणाऱ्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर माझा विश्वास आहे तो अशाच क्षणांमुळे: महेशला थकवत होती ती परिस्थितीपेक्षाही त्याने स्वतःवर लादलेली सक्ती. वडिलांना मदत करण्याची इच्छा सुंदरच आहे. पण ‘मदत केलीच पाहिजे, नाहीतर मी नालायक’ असे तिचे रूप झाले की मुलगा गरजेपेक्षा कितीतरी जास्त तास विकून बसतो. अडीच हजार मिळवण्यासाठी रात्रपाळी लागत नाही, हे त्यानंतर त्याचे त्यालाच उमगले, आणि ते त्याने स्वतः बोलून दाखवले याचे मला आजही समाधान वाटते.

म्हणून माझे सांगणे असे की काम शोधण्याआधी तूट काढा आणि तेवढ्यापुरतेच तास विका. पुण्यात विद्यापीठाची ‘कमवा आणि शिका’ योजना आहे. ग्रंथालयात, कार्यालयात किंवा बागेत काम करून मिळणारे मानधन थोडे असले तरी ते काम वर्गाच्या वेळेशी जुळते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेत श्रम करून शिकण्याचीच परंपरा आहे, त्यामुळे त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. राजर्षी शाहू शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीसारख्या योजनांचे अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर भरायचे राहिले असतील, तर कामाच्या आधी ते भरावेत. अनेक मुले इथेच चुकतात. आणि ‘घरबसल्या डेटा एंट्री, नोंदणीसाठी आधी पैसे भरा’ असे सांगणाऱ्याला एक रुपयाही देऊ नये. काम देणारा पैसे देतो, मागत नाही.

महेशने रात्रीचे काम सोडले. दुपारी तो महाविद्यालयाच्या ग्रंथालयात पुस्तके लावतो आणि संध्याकाळी दोन मुलांना गणित शिकवतो. वडिलांना त्याने फोन करून सांगितले की तुमचे चार हजार मी घेणार आहे. राहिलेल्यांपैकी एक विषय सुटला आहे, दुसरा अजून बाकी आहे, आणि परीक्षेआधीच्या पंधरवड्यात शिकवण्या बंद राहतील हे त्याने त्या मुलांच्या पालकांना आतापासूनच कळवले आहे.