‘जनहितासाठी’ एवढंच कारण देऊन सरकार बोलण्यावर बंधनं घालू शकतं का?

भारतात तरी नाही. संविधानाचं कलम १९(१)(अ) नागरिकांना भाषण आणि अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य देतं. त्यावर बंधन कोणत्या कारणांसाठी घालता येईल याची यादी १९(२) मध्ये आहे: देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, बदनामी, न्यायालयाचा अवमान, गुन्ह्याला चिथावणी वगैरे. ‘जनहित’ त्या यादीत नाहीच. व्यवसायाच्या स्वातंत्र्याला मात्र जनहिताची कात्री लागू शकते.

हा फरक सर्वात स्वच्छ दिसतो तो आपल्या ‘सकाळ’च्याच खटल्यात. १९६० च्या एका आदेशाने वर्तमानपत्राची किंमत आणि पानांची संख्या एकमेकांना बांधून टाकली होती. म्हणजे पानं वाढवायची तर किंमत वाढवा, नाहीतर पानं कापा. सरकार म्हणालं, छोट्या पत्रांना मोठ्यांच्या स्पर्धेपासून वाचवायचंय. हेतू ऐकायला बरा. पण किंमत वाढली की खप घटतो, पानं कापली की मजकूर घटतो, दोन्हीकडून गळचेपीच. सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश आणि त्यामागची कायद्यातली तरतूद रद्द केली.

कारण यादीतलं असलं तरी काम भागत नाही. बंधन कायद्याने घातलेलं हवं, नुसतं साहेबांचं तोंडी फर्मान चालत नाही. आणि ते वाजवीही हवं. ऑनलाइन ‘त्रासदायक’ मजकूर पाठवणं गुन्हा ठरवणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ २०१५ मध्ये श्रेया सिंघल खटल्यात पडलं ते इथेच. ‘त्रासदायक’ मजकूर म्हणजे नेमका कोणता, हे त्यात कुठेच स्पष्ट नव्हतं. मत मांडणं, ते हिरिरीने पटवणं वेगळं आणि चिथावणी वेगळी, हेही कोर्टाने तिथेच सांगितलं.