सर्व्हरच्या सीपीयू-मेमरी ग्राफला डिफॉल्ट रंग कोणते द्यावेत? लाल-पिवळा-हिरवा चालेल का?

नाही चालणार. सिग्नलला दिव्याची जागा ठरलेली असते, म्हणून रंग न ओळखणाऱ्याचंही तिथे भागतं. ग्राफमध्ये ती सोय नाही. शुद्ध लाल (२५५, ०, ०; आकडे अनुक्रमे लाल, हिरवा, निळा यांच्या प्रमाणाचे) आणि गडद हिरवा (०, १२८, ०) यांच्यातला कॉन्ट्रास्ट (उजळतेचं गुणोत्तर, १ म्हणजे फरकच नाही) जेमतेम १.३ भरतो. स्क्रीनशॉट कृष्णधवल करून बघा, यूझर (प्रोग्रॅमवर गेलेला सीपीयूचा वेळ) आणि सिस्टिम (ऑपरेटिंग सिस्टिमच्या कामात गेलेला वेळ) यांचे थर मिसळून एकच करडा पट्टा उरेल.

सीपीयूसाठी ओकाबे-इतो संचातले (रंगांधांनाही वेगळे ओळखू येतील असे निवडलेले रंग) चार रंग पुरतात. तळाला सिस्टिम गडद निळा (०, ११४, १७८), त्यावर यूझर आकाशी (८६, १८०, २३३), मग आयओवेट (डिस्कची वाट बघण्यात गेलेला वेळ) शेंदरी (२१३, ९४, ०), व्हर्च्युअल मशीन असेल तर सगळ्यांत वर ‘स्टील’ (steal, दुसऱ्या व्हर्च्युअल मशीनने पळवलेला सीपीयूचा वेळ) नारिंगी (२३०, १५९, ०). गडद-फिका-गडद-फिका हा क्रम मोडू नका. आकाशी आणि नारिंगी शेजारी आले तर उजळता जवळपास सारखीच असल्याने करड्यात पुन्हा तोच घोळ. आयडल (सीपीयूचा रिकामा वेळ) रंगवूच नका. अक्ष ० ते १०० पक्का ठेवला की मोकळी जागा म्हणजेच आयडल. थर अपारदर्शक हवेत, नाहीतर खालचा रंग वर झिरपतो आणि लेजंडमध्ये (रंगांच्या सूचीत) नसलेला तिसराच रंग दिसू लागतो.

मेमरीत कॅशला (डिस्कवरच्या डेटाची रॅममध्ये ठेवलेली प्रत) भडक रंग देणं ही तर शुद्ध चूक. लिनक्स रिकामी रॅम कॅशला वापरतं आणि गरज पडली की बहुतेक परतही घेतं. लाल डोंगर पाहून लोक उगाच रॅम वाढवायला धावतात. कॅश फिका करडा, वापरलेली मेमरी गडद निळी, बस्स.

रंग नावाला बांधा, क्रमाला नाही. नवी डिस्क जोडली आणि कालची निळी रेघ आज नारिंगी झाली, की जुना स्क्रीनशॉट शेजारी ठेवून तुलना करणाऱ्याची फसगत ठरलेली. सहा-सातपेक्षा जास्त रेघा असतील तर वरच्या पाचच रंगवा, बाकी करड्या.

आणि ‘थीम बदलायची सोय दिली आहे की’ हा युक्तिवाद मला मुळीच पटत नाही. रात्री तीनला अलर्ट वाजल्यावर कोणी सेटिंग उघडत नाही. समोर येतं ते डिफॉल्टच.

एक राहिलं: पांढऱ्यावर नारिंगीचा कॉन्ट्रास्ट २.३ आणि आकाशीचाही तेवढाच, डब्ल्यूसीएजी २.१ (वेब सगळ्यांना वापरता यावं यासाठीची मार्गदर्शक तत्त्वं) मात्र ग्राफिकला किमान ३ मागतं. म्हणून दोन्ही थरांना १ पिक्सेलची गडद कड द्या. काळ्या पार्श्वभूमीवर हे चारही रंग ३ च्या वर जातात, तिथे कड नसली तरी चालेल.