आकड्यांआधी मालकी वाचा

सांगलीच्या मार्केट यार्डात हळकुंड मोडून आतला रंग पाहिल्याशिवाय जाणता व्यापारी बोली लावत नाही. शेअर घेताना तुम्हीही नफ्याच्या आकड्याआधी, तो आकडा कोणाच्या देखरेखीखाली तयार झाला, हे पाहावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

शेअर बाजारात नोंदणीकृत कंपनीला प्रत्येक तिमाही संपल्यावर 21 दिवसांच्या आत भागधारणेचा तपशील द्यावा लागतो. त्यात प्रवर्तकांचा, म्हणजे कंपनी उभारून तिचा ताबा राखणाऱ्यांचा, हिस्सा किती व त्यातला कर्जासाठी तारण ठेवलेला किती, हे आधी पाहावे. मोठा हिस्सा एकाच घराण्याकडे असणे वाईट नव्हे, कारण अशा घराण्याचे हित कंपनीत गुंतलेले असते. परंतु त्याला जाब विचारणारे संचालक मंडळात नसले, तर लहान भागधारकाला अडचणीच्या गोष्टी उशिरा कळतात. शेअर तारण असतील, तर भाव टिकवण्यासाठी वाईट बातमी दडवण्याचा मोहही वाढतो.

हिशेबांवर देखरेख करणाऱ्या लेखापरीक्षण समितीत किमान दोन तृतीयांश सदस्य स्वतंत्र, म्हणजे प्रवर्तकांशी हितसंबंध नसलेले संचालक असणे बंधनकारक आहे, पण तेवढ्यावर विसंबू नये. डिसेंबर 2008 मध्ये सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीच्या संचालक मंडळाने, स्वतंत्र संचालक असतानाही, प्रवर्तकांच्या कुटुंबाशी संबंधित मेटास कंपन्यांच्या खरेदीला मंजुरी दिली होती. गुंतवणूकदारांच्या विरोधामुळे ती बारगळली आणि 7 जानेवारी 2009 रोजी ताळेबंदातील बनावट उघड झाली.

म्हणून वार्षिक अहवालातील संबंधित पक्षांच्या, म्हणजे प्रवर्तक, त्यांचे नातेवाईक वगैरेंशी झालेल्या, व्यवहारांची टीप सावकाश वाचावी. प्रवर्तकांच्या नातेवाइकाचे गोदाम कंपनीने भाड्याने घेतले असेल, तर भाडे दरवर्षी विक्रीपेक्षा वेगाने वाढते का, हे मागील अहवालांशी ताडून पाहावे.