‘मॉबी डिक’मधली देवमाशांच्या माहितीची प्रकरणं गाळून कादंबरी वाचली तर चालेल का?

गाळू नका, असं मी आग्रहानं सांगेन.

वाचताना अडखळायला होतं, हे खरं आहे. मॉबी डिक या देवमाशावर सूड उगवायला निघालेल्या कप्तान एहॅबची गोष्ट रंगात येत असते आणि 32व्या प्रकरणात कथा सांगणारा खलाशी इश्माएल ती बाजूला ठेवून देवमाशांची वर्गवारी करायला बसतो. सजीवांची शास्त्रीय वर्गवारी करणाऱ्या लिनियसनं त्याच्या कितीतरी आधी देवमाशाला सस्तन प्राण्यांत नेऊन बसवलेलं असूनही हा ठामपणे सांगतो की देवमासा हा मासाच! तरी ही माहिती भरताड नाही. कादंबरीचा लेखक हर्मन मेल्व्हिल 1841 साली स्वतः देवमाशांच्या शिकारीच्या जहाजावर चढला होता, आणि ही प्रकरणं त्यानं कथेच्याच कामाला लावली आहेत. 76वं प्रकरण बघा. त्यात फक्त स्पर्म व्हेलच्या (मॉबी डिक याच जातीचा देवमासा) कपाळाचं वर्णन आहे: हाड नसलेलं, तरीही भाला घुसणार नाही इतकं चिवट. शेवटी तेच कपाळ एहॅबच्या पीक्वॉड जहाजावर येऊन आदळतं, तेव्हा लेखकाला काहीच समजावून सांगावं लागत नाही. ते प्रकरण गाळलेल्या वाचकाला नुसता एक अपघात दिसेल.

माझं सर्वांत लाडकं प्रकरण 104वं, देवमाशांच्या जीवाश्मांवरचं. कादंबरी 1851ची, म्हणजे डार्विनचा उत्क्रांतीवरचा ग्रंथ यायला अजून 8 वर्षं होती. इश्माएल त्या प्राचीन हाडांपुढे थरारून उभा राहतो, पण हा प्राणी आला कुठून हे त्याला कळायला मार्ग नव्हता. ते उत्तर हवं असेल तर जीवाश्मतज्ज्ञ हान्स थेविसन यांचं ‘द वॉकिंग व्हेल्स’ (2014) वाचा. देवमाशांचे चार पायांचे पूर्वज आपल्याच उपखंडात सापडले: पाकिस्तानात, कच्छमध्ये. भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी काश्मीरमधून गोळा केलेले जीवाश्म असलेले दगड त्यांच्या मागे त्यांच्या पत्नीनं जपले आणि पुढे थेविसनना दिले. त्यातली एक कवटी चुकून फुटली आणि कानाचं जाड हाड दिसलं. तसं हाड देवमाशांच्या कानात असतं. म्हणजे देवमाशांचा हा जवळचा नातलग, इंडोह्यूस, जेमतेम मांजराएवढा होता. हे वाचताना मला कादंबरी वाचत असल्यासारखाच आनंद झाला.

फारच कंटाळा आला तर देवमाशांच्या चित्रांवरची 55 ते 57 ही प्रकरणं भरभर चाळा. 76 आणि 104 मात्र सावकाश वाचा.