हिरॉईनची मैत्रीण म्हणून बोलावलंय ना, मग आधी मनोरमा बघ

पोरी,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. चेन्नईहून फोन आला, तमिळ सिनेमा आहे, पण रोल हिरॉईनच्या मैत्रिणीचा आणि तोही कॉमेडी, आणि तुला वाटतंय की एकदा हा शिक्का बसला की पुढे कोणी दुसरं काही देणारच नाही, म्हणून नाही कळवायचं ठरवतेयस. कळवू नकोस अजून. दोन दिवस थांब आणि मनोरमाबद्दल वाच, तिचे सिनेमे बघ. सीता और गीतामधली ती जाडजूड चाची नाही हं, ती वेगळी मनोरमा. मी म्हणतेय ती तमिळ मनोरमा, जिला तिकडे सगळे आदराने आच्ची म्हणायचे, हजाराच्या वर सिनेमे, गिनीज बुकात नाव, 2002 ला पद्मश्री, आणि हे सगळं बहुतेक करून मैत्रीण, मोलकरीण, आई, आजी, शेजारीण असल्याच रोल्समधून.

खरं नाव गोपीशांता. 1937 चा जन्म, मन्नारगुडीचा, म्हणजे आपल्या मराठी राजांच्या त्या तंजावर भागातला. वडिलांनी दुसरा संसार मांडला आणि आई हिला घेऊन कारैक्कुडीजवळच्या पळ्ळत्तूर गावी आली, लोकांच्या घरी कामं करून पोरीला वाढवलं. शाळा सहावीत सुटली, पोरगीही घरकामाला लागली. गळा चांगला होता म्हणून नाटक कंपनीत शिरली, तिथेच मनोरमा हे नाव मिळालं, लग्नही नाटकातल्याच माणसाशी झालं, ते टिकलं नाही, आणि विशीच्या आत-बाहेर असतानाच तान्हा मुलगा आणि आई दोघांची जबाबदारी हिच्या एकटीवर. हे मी तुला रडवायला सांगत नाहीये. तिला नाही म्हणायची सोयच नव्हती हे तुला कळावं म्हणून सांगतेय. तुला ती सोय आहे, घरी तुझ्या पगारावर कोणी बसलेलं नाही, म्हणून तू नाही म्हणशीलच तर विचार करून म्हण, घाबरून म्हणू नकोस.

आता तुझ्या शिक्क्याच्या भीतीकडे येते. 1958 ला कवी कण्णदासन यांनी स्वतः काढलेल्या मालैयिट्ट मंगै या सिनेमात तिला घेतलं, कॉमेडी रोलसाठी. तिला ते पटेना, सगळ्याच मुलींना हिरॉईन व्हायचं असतं तसं तिलाही व्हायचं असणार. पुढे ती मुलाखतीत सांगायची की कण्णदासन तिला म्हणाले होते, नुसती हिरॉईन झालीस तर चार-पाच वर्षांत फील्डमधून बाहेर फेकली जाशील, कॉमेडी केलीस तर टिकशील. 1963 मध्ये कोंजुम कुमारीत ती हिरॉईन झालीसुद्धा! म्हणजे तो दरवाजा तिला उघडला होता. पण तिची ओळख त्या सिनेमाने झाली नाही, ती झाली साठच्या दशकात तमिळ विनोदी नट नागेशबरोबर केलेल्या कॉमेडीने, आणि मग 1968 च्या तिल्लाना मोहनांबाळने.

तिल्लाना मोहनांबाळ तू बघच, सबटायटल्स लावून बघ. शिवाजी गणेशन नादस्वरम, म्हणजे सनईसारखं वाद्य, वाजवणारा, पद्मिनी नर्तकी, दोघंही तेव्हाचे डोंगराएवढे स्टार, आणि मध्येच ही येते, जिल जिल रमामणी, गावोगाव खेळ करणारी नाटकवाली. एक जागा आहे, ती त्याचं वादन ऐकून भारावलेली आहे आणि त्याला अगदी मनापासून विचारते की हा आवाज फक्त तुमच्याच वाद्यातून येतो का हो, की सगळ्यांच्याच वाद्यातून येतो? इतकंच वाक्य. पण ती ते विनोद म्हणून म्हणतच नाही, तिला खरंच जाणून घ्यायचंय, डोळ्यांत इतकं कौतुक आहे की हसू येतं आणि त्याच क्षणी ह्या बाईबद्दल माया वाटायला लागते. समोर शिवाजीसारखा नट, आणि तमिळ लोक आज एवढ्या वर्षांनी ते वाक्य तोंडपाठ म्हणतात, हिचं वाक्य. तू तालमीत लाफ्टर यायच्या आधीच थोडं थांबतेस, प्रेक्षकांना सांगतेस की आता हसा, ते मी तुला दोन-तीनदा बोललेय. ही बाई बघ, कुठेच थांबत नाही, हसणं लोकांवर सोडून देते.

दुसरी गोष्ट भाषेची, आणि हीच मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ही वाढली चेट्टिनाड भागात, म्हणजे त्या कारैक्कुडीकडेच. पण चेन्नईच्या वस्तीतली जी रांगडी बोली आहे, मद्रास बाषै म्हणतात ती, ती अशी बोलायची की वाटावं जन्म तिथेच गेला. 1968 च्याच बोम्मलाट्टममध्ये विनोदी नट चो रामस्वामींबरोबरचं गाणं त्या बोलीत आहे आणि तिने स्वतः गायलंय, यूट्यूबवर मिळेल. आणि 1986 चा संसारम अदु मिन्सारम बघ, एव्हीएम स्टुडिओचा, त्यात ती घरातली मोलकरीण कण्णम्मा आहे. एका सीनमध्ये ती मालकाबरोबर एका घरी जाते आणि तिथल्या माणसावर जी तुटून पडते, मालक शेजारी उभा राहून सारखा गप्प बस गप्प बस म्हणतोय आणि हिची गाडी थांबायचं नावच घेत नाही. शब्द कळले नाहीत तरी आवाज बंद करू नकोस, नुसती लय ऐक, श्वास कुठे घेते ते बघ, मला तर तो सीन पाठ झालाय. मग 1992 चा चिन्न गाउंडर लाव, तिथे कोंगू, म्हणजे कोइंबतूरकडच्या भागातली म्हातारी आई, पुढे आलेले दात लावलेत, चालणं वेगळं, बोलणं वेगळं, दहा मिनिटं लक्षात पण येत नाही की हीच ती कण्णम्मा.

आपल्याकडे मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी बोलणारं पात्र आलं की अर्धे नट दोन-चार शब्द उचलतात आणि हेल काढून मोकळे होतात, लोक हसतात पण त्या भागातला माणूस मनात दुखावतो. मनोरमाचं तसं नव्हतं, ज्यांची बोली ती बोलायची त्या लोकांना ती आपली वाटायची. तू तर मुंबईच्या बाजूने जाणारी मुलगी. तिकडे अशा मुलींना शूटिंगच्या वेळी बाजूला उभं राहून डायलॉग प्रॉम्प्ट करतात आणि नंतर दुसरीच कोणीतरी डब करते, ही तिथली नेहमीची पद्धत आहे. हिरॉईनचं त्यात भागून जातं. कॉमेडी करणारीचं नाही भागणार, कारण तिचं सगळं टायमिंग जिभेवर असतं, अर्थ माहीत नसताना ते येईल कुठून? ती नटी खुशबू पण मुंबईत जन्मलेली, ती तमिळ शिकली, तिथलीच होऊन गेली.

मनोरमाचं सगळंच घ्यावं असं माझं म्हणणं नाही. हजार सिनेमांत सुमार पुष्कळ आहेत, तेच तेच रोल आहेत, आकड्याला भुलू नकोस. पण तेच तेच करता करता 1989 च्या पुदिय पादैसाठी सहाय्यक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कारही आला, अपूर्व सहोदररगळ त्याच वर्षीचा, म्हणजे पन्नाशीच्या पुढे तिला कामं वाढत होती. तिच्या वेळच्या हिरॉईन्स तोवर कुठे होत्या ते शोध. अण्णादुरै आणि करुणानिधींबरोबर नाटकात, एमजीआर, जयललिता आणि तेलुगूत एनटीआर यांच्याबरोबर सिनेमात, पाच मुख्यमंत्र्यांबरोबर काम केलेली बाई म्हणून तिची ओळख सांगतात. आणि 1996 च्या निवडणुकीत तिने जयललितांच्या पक्षासाठी प्रचार करताना रजनीकांतवर जाहीर टीका केली होती, तेव्हा रजनीविरुद्ध बोलणं म्हणजे काय हे तुला चेन्नईत गेल्यावर समजेल. तरी पुढच्याच वर्षी अरुणाचलम सिनेमात दोघं एकत्र आहेत. ह्यात मला त्याचा मोठेपणा दिसतो आणि तिची गरजही दिसते, म्हणजे तिच्याशिवाय चालत नव्हतं. 2015 च्या ऑक्टोबरमध्ये गेली, 78 वर्षांची होती.

आता तुझं काम. त्यांना फोन करून तीन गोष्टी विचार, पैशांच्या आधी विचार. डबिंग कोण करणार, तू स्वतः करू शकतेस का, निदान एक टेस्ट तरी घ्या म्हण. ती मैत्रीण कुठल्या भागातली आहे, मदुरैची की कोइंबतूरकडची की चेन्नईची, दिग्दर्शकाला हे सांगता आलं नाही तर रोल अजून लिहिलेलाच नाहीये असं समज आणि मग खुशाल नाही म्हण, मी तुझ्या बाजूने आहे. आणि डायलॉग शूटिंगच्या किमान महिनाभर आधी हवेत, सेटवर नकोत.

उत्तरं नीट आली तर हो म्हण आणि लगेच एक तमिळ शिकवणारी बाई शोध, पुण्यात आणि मुंबईत माटुंगा-धारावीकडे तमिळ लोक भरपूर आहेत, ॲपवर शिकू नकोस, माणसाकडून शिक, तिच्या घरी जाऊन बस, भाजीवाल्याशी कशी बोलते ते ऐक. डायलॉग देवनागरीत लिहून घे, प्रत्येक शब्दाखाली अर्थ लिही. पहिली दोन पानं झाली की रेकॉर्ड करून मला पाठव, रात्री उशिरा पाठवलंस तरी चालेल, मी ऐकते.

तुझी,
ताई