राजीनाम्याचं नंतर बघू, आधी पॉलिसी परत करा

प्रश्न : वय ३६, कोथरूडला राहते. हिंजवडीतल्या कंपनीत फ्रेंच आणि स्पॅनिश तांत्रिक मजकुराचं भाषांतर करते. हातात ७० हजार येतात, खर्च ३५ हजार, एफडी ६ लाख. जूनमध्ये नोकरी सोडून पूर्णवेळ साहित्यिक अनुवाद करू का? एका कादंबरीला सात महिने लागतात, प्रकाशक ६० हजार देतो. फ्रेंच अनुदानाचीही आशा आहे. पेन्शनची सोय झाली आहे : बँकेतल्या मॅडमनी ‘गॅरंटीड’ पॉलिसी काढून दिली. वर्षाला २ लाख, दहा वर्षं. बाराव्या वर्षापासून बारा वर्षं ३-३ लाख मिळतील. कागद गेल्या आठवड्यात आले.

उत्तर : कागद गेल्या आठवड्यातच आलेत हे नशीब समजा. पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. ‘अटी मान्य नाहीत’ एवढं लिहून अर्ज थेट विमा कंपनीला ईमेल करा आणि पोच घ्या. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी आणि तेवढ्या दिवसांचा विमाखर्च कापून बाकी पैसे परत येतात. बँकेत जाऊ नका. मॅडम चहा पाजतील, ‘एक वर्ष तरी भरून बघा’ म्हणतील आणि मुदत निघून जाईल.

२० लाख भरून ३६ लाख ऐकायला छान वाटतं. पण मधली वर्षं धरली तर परतावा पावणेपाच टक्क्यांच्या आत-बाहेर. पीपीएफ आज ७.१ टक्के देतं. शिवाय बारा वर्षांनी बंद होणारी ही कसली पेन्शन? ६०व्या वर्षाच्या आसपास, नेमकी गरज लागेल तेव्हा ती संपलेली असेल.

आता हप्ता बघा. २ लाख म्हणजे महिन्याला पावणेसतरा हजार. सात महिन्यांना ६० हजार म्हणजे महिन्याला साडेआठ हजार. आख्खा अनुवाद हप्त्याचं निम्मंच भरतो, घरखर्च वेगळाच! बँकेतल्या मॅडमना तुम्ही ‘नोकरी सोडणार आहे’ सांगितलं असेल आणि तरी त्यांनी दहा वर्षांचा हप्ता गळ्यात मारला असेल, तर हे मला पचत नाही. सांगितलं नसेल, तरी विचारणं त्यांचं काम होतं.

अनुदान हिशेबात धरू नका. भारतातल्या फ्रेंच संस्थेची टागोर योजना काय, स्पेनच्या संस्कृती मंत्रालयाची मदत काय, अर्ज प्रकाशक करतो आणि पैसे त्याच्याकडे जातात. तुमचं मानधन त्यातून वाढवून घ्यायचं तर करारावर सही करण्याआधी बोला. करारात हक्क किती वर्षांसाठी देताय तेही लिहून घ्या. मुदत लिहिलीच नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो. ‘कायमस्वरूपी’ लिहिलं असेल तर पुढच्या आवृत्तीवर हात चोळत बसाल.

जूनमध्ये राजीनामा नको. पॉलिसीचे पैसे परत आले की जवळपास ८ लाख होतील, म्हणजे जेमतेम तेवीस महिन्यांचा खर्च. आधी स्वतःचा आरोग्य विमा काढा. कंपनीचा राजीनाम्याबरोबर जाईल आणि जुन्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. मग तांत्रिक भाषांतराची बाहेरची कामं मिळवा. त्यातून सलग सहा महिने ३५ हजार आले, की राजीनामा द्या आणि वर्षाला एक कादंबरी घ्या.